झाडलेल्या अंगणातली भेग

अलास्काच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे अमेरिका संपते आणि गोठलेला समुद्र सुरू होतो, तिथे बॅरो नावाचं गाव आहे. ऐंशीच्या दशकात तिथे मराठी घर एकच होतं. आणि त्या एका घराबद्दल अमेरिकेतल्या मराठी मंडळींत जितकं बोललं गेलं, तितकं न्यू जर्सीच्या शंभर घरांबद्दल मिळून बोललं गेलं नसेल. जेवणाची पानं उचलली, बडीशेप फिरली, की कुणीतरी हळूच विचारायचं, "काय हो, ते मुळ्ये अजून तिथेच आहेत का?"

मग सुरू. कुणी म्हणे, श्रीरंग मुळ्ये तेल शोधतो. कुणी म्हणे, तेल नाही, रशियावर नजर ठेवतो, म्हणून तर काही सांगत नाही. कुणी म्हणे, सुलेखा आता देवमाशाचं मटण करते आणि वरून गोडा मसाला घालते. यातलं एकही खरं नव्हतं. खरं होतं ते इतकं विचित्र होतं की ते कुणी पसरवलंच नाही. श्रीरंग जमिनीत बारीक तारा पुरायचा आणि त्या कधी तुटतात याची वाट बघायचा. याचा त्याला पगार मिळे.

सुलेखा मिरजेची. वडील रेल्वेत, लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं. लग्नाआधी बँकेत कॅशियर होती आणि तिच्या काउंटरसमोर लोक रांग मोडत नसत, एवढी तिच्या नजरेला धार होती. अंगकाठी बारीक, चालणं भराभर, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू यावं आणि घरी गेल्यावर टोचावं. घर लख्ख. तिच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या रांगा अशा लागलेल्या असत की पाहुण्याला चहाची साखर स्वतः घ्यायची भीती वाटे. आणि एक गोष्ट होती, जी तिच्या बहिणीला ठाऊक होती आणि नवऱ्याला ठाऊक व्हायला बरीच वर्षं लागली: तिला काहीही सांगितलेलं चालायचं, पण न विचारता ठरवलेलं चालायचं नाही.

आणि बॅरो न विचारता ठरलं होतं.

झालं असं, की श्रीरंग ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत शिकत होता. दोघं एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. सुलेखाची थोरली बहीण विनीताताई दोन बसस्टॉपवर. शनिवारी तिच्याकडे जेवण, रविवारी ती इकडे. कोपऱ्यावर लायब्ररी, समोर बस. सुलेखा सुखात होती. एके दिवशी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, मांडीवर अंड्यांचा खोका धरून ती गाडीत बसली होती, आणि श्रीरंगने किल्ली फिरवता फिरवता सांगितलं, "आपण अलास्काला चाललोय."

"चाललोय म्हणजे?"

"म्हणजे मी हो म्हणून कळवलं. चांगलं काम आहे गं."

 घरी जाईपर्यंत खोका मांडीवरच होता. एकही अंडं फुटलं नाही, पण दोघांमधलं काहीतरी मात्र तडकलं, ते तिथे.

त्यानंतर दर हिवाळ्यात, बॅरोला सूर्य मावळला की, त्यांचं भांडण व्हायचं. मावळला म्हणजे संध्याकाळी नव्हे. तिथे नोव्हेंबरात सूर्य एकदा जातो तो जानेवारीच्या शेवटी तोंड दाखवतो. मधे दुपारी आकाशाला जरा निळसर उजेड येतो, उपकार केल्यासारखा, आणि जातो. अशा दिवसांत भांडायला कारण काहीही पुरे. पाण्याचा ट्रक उशिरा आला, बुटांचं पाणी गालिच्यावर सांडलं, फोडणी करपली. पण सुरुवात कुठूनही होवो, भांडण फिरून फिरून त्याच पार्किंगमध्ये यायचं.

"मला विचारलं होतंत का?"

"अगं, आता दोन वर्षं होत आली त्याला."

"म्हणजे नाही विचारलं."

गंमत अशी की श्रीरंगचा अभ्यासाचा विषय नेमका हाच होता. भांडणाचा नव्हे, जमिनीचा. त्या भागातली जमीन वरून खाली शेकडो फूट गोठलेली. उन्हाळ्यात वरचा वीत-दोन वीत थर तेवढा विरघळतो, खालची कधीच नाही. हिवाळ्यात थंडी एकदम कडाडली की ती गोठलेली जमीनसुद्धा आकसते. पण आकसून जाणार कुठे? चहूबाजूंनी धरलेली. ताण वाढत जातो, वाढत जातो, आणि एका क्षणी जमीन तडकते. हे सगळं तो सुलेखाला जेवताना सांगायचा. तीही ऐकायची, पोळी भाजता भाजता, त्याच्याकडे पाठ करून.

"तू गुळाची वडी थापतेस ना ताटात," तो म्हणायचा, "आणि ते गरम ताट खिडकीशी ठेवलंस तर काय होतं?"

"मी ठेवत नाही."

"समज ठेवलंस."

"वडी तडकेल. मूर्खासारखं ठेवेन कशाला?"

"तेच. जमीन ठेवली जाते. तिला कुणी विचारत नाही."

हे वाक्य बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि मग तो बराच वेळ नुसता भात कालवत बसला.

पुढची गोष्ट अशी, की ती भेग बोटभर रुंद असते पण खोल जाते, माणूस उभा मावेल त्याहून खोल. वसंतात वितळलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि खालच्या थंडीने लगेच गोठतं. बर्फाची एक पातळ शीर तयार होते. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा ताणली गेली की तिथेच तडकते, कारण कमकुवत जागा तीच. पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. अशी शेकडो वर्षं गेली की जमिनीत बर्फाची प्रचंड पाचर बसलेली असते, वर रुंद, खाली निमुळती. विमानातून बघितलं तर सगळा मुलूख आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा चौकोनी-पंचकोनी तुकड्यांचा दिसतो. तडकतानाचा आवाज बंदुकीसारखा. श्रीरंगला हवा होता तो क्षण: नेमकी किती थंडी, किती झपाट्याने वाढलेली, आणि तार तुटली कधी.

त्याच्या तारा गावाबाहेर, स्नोमोबाइलवरून तासाभराच्या वाटेवर होत्या. पहिला हिवाळा गेला. तारा शाबूत. दुसरा गेला. शाबूत. दोन्ही वर्षी बर्फ लवकर पडला आणि नेमका तिथे जाड साचून बसला. बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी. वर उणे चाळीस असलं तरी खाली जमीन उबेत, तडकेल कशाला? आणि तो उपसायचा तर अभ्यास कसला, असं त्याच्या प्रोफेसरांचं म्हणणं. जमीन आपसूक काय करते ते बघायचं होतं, तिला चिमटे काढायचे नव्हते.

तिसरा हिवाळा आला, १९८३ संपून ८४ लागलं, आणि प्रोफेसरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं. मार्चपर्यंत काही हाती लागलं नाही तर काम बंद. पुढे पैसा मिळणार नाही.

श्रीरंगचा चेहरा पडला. सुलेखाने तवा पुसत पुसत मनात घर लावायला घेतलं, ॲन आर्बरला. तिथल्या रस्त्यांच्या खात्यात श्रीरंगला नोकरी मिळू शकत होती, विनीताताईच्या मिस्टरांनी बोलून ठेवलं होतं. तेव्हा बॅरोचा फोन उपग्रहावरून जायचा. एक बोलली की दुसरीला पोचेपर्यंत क्षणभर जायचा, आणि दोघी बहिणी कुणासाठी थांबणाऱ्या नव्हेत, त्यामुळे दोन वाक्यं नेहमी एकमेकींवर आपटायची.

"मार्चमध्ये ये तू. आमचा वरचा मजला रिकामा –"

"– बसस्टॉप अजून तिथेच आहे ना?"

"– करून ठेवते. काय म्हणालीस? बस? बसचं काय मधेच?"

सुलेखा त्या हिवाळ्यात भांडली नाही. भांडायचं कशाला? दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न होता.

आता तिच्या अंगणाबद्दल. बॅरोला कुणाला अंगण नसतं. घरं खांबांवर उभी, जमिनीपासून हातभर वर, नाहीतर घराच्या उबेने खालची जमीन विरघळून घर तिरकं व्हायचं. दारापुढे चार पायऱ्या, आणि मग जे आहे ते आहे. पण सुलेखाने पहिल्याच वर्षी पायऱ्यांपुढचा, दोन सतरंज्या मावतील एवढा तुकडा आपला म्हणून ठरवला आणि रोज सकाळी तो झाडायला लागली. सकाळ म्हणजे घड्याळातली, बाहेर काळोखच. मिरजेहून सामानातून खराटा आणलेला होता. विमानतळावर अधिकाऱ्याने तो उलटापालटा करून बघितला होता आणि हे काय म्हणून विचारलं होतं, तेव्हा श्रीरंगने लाजून "म्युझिकल" असं काहीतरी सांगितलं होतं. तो खराटा पहिल्याच थंडीत काड्या-काड्या होऊन गेला. मग फावडं आलं, कडक दात्यांचा ब्रश आला. रात्रीत जो बर्फ पडेल, वारा जो आणून टाकेल, तो सगळा उपसून ती खालची काळपट जमीन उघडी करायची. सडा घालायची सोय नव्हती. पाणी हवेतच गोठलं असतं.

"कशासाठी गं?" श्रीरंग विचारायचा. "वारा परत आणून टाकणार."

"मिरजेत धूळ परत येत नव्हती का?"

शेजारच्या एडनाला सुरुवातीला वाटलं होतं की बाईचं काहीतरी हरवलंय. एडना तिथलीच, साठीतली, अंगाने भरदार, चार मुलांची आई आणि अख्ख्या गावाची वार्ताहर. तिने आठवडाभर खिडकीतून बघितलं आणि मग येऊन सरळ विचारलं, "अंगठी का?"

"नाही. मी झाडते."

"काय झाडतेस?"

"दारापुढचं."

एडनाने मान डोलवली, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की मुळ्यांची बायको बर्फ झाडते आणि मुळ्ये बर्फ जपतो, त्यांचं घरात पटत नसावं.

हे सगळं ठीक होतं. पण एक गोष्ट तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्या वर्षी बर्फ जानेवारीपर्यंत सगळीकडे गुडघ्याएवढा साचला होता, आणि अख्ख्या गावात अंगावरची गोधडी काढलेली जमीन तेवढी एकच होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी थंडी अशी काही उतरली की घराचे खिळे कडकड वाजायला लागले. दुपारची वेळ. श्रीरंग तारा बघायला गेलेला. सुलेखाने चहाला आधण ठेवलं, ते उकळायला लागलं, आणि बाहेर बंदूक झाडल्यासारखा आवाज झाला. कपाटातल्या बशा एकमेकींवर वाजल्या. पायाखालची फळी हलल्यासारखी वाटली.

तिला आधी वाटलं, खांब मोडला. पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, चढवून, टॉर्च घेऊन ती बाहेर आली, घराखाली वाकून बघितलं. खांब जागच्या जागी. मग टॉर्चचा उजेड अंगणावर पडला. सकाळी झाडलेल्या जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी रेघ होती, सरळ, कुणी करवतीने कापल्यासारखी. दोन्ही बाजूंना बर्फाखाली शिरून नाहीशी झालेली.

सुलेखा आत गेली. गॅस बंद केला. रफू करायच्या मोठ्या सुईत विणकामाची लोकर ओवली, बाहेर येऊन गुडघे टेकले आणि हातमोजा काढून सुई त्या भेगेत सोडली. सुई जात राहिली. तिच्या उंचीएवढी लोकर गेली, अजून थोडी गेली, आणि मग कुठेतरी अडकली. बोटं बधिर झाली म्हणून तिने ती वर ओढून घेतली.

तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन वर्षं ऐकलं होतं. नवरा गावाबाहेर मैलोन्‌मैल ज्याच्या मागे हिंडत होता, ते तिच्या दारात येऊन बसलं होतं.

ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. सांगितलं की झालं. प्रोफेसर खूश, पैसा चालू, आणि बॅरो पुढची किती वर्षं कोण जाणे. नाही सांगितलं तर मार्चमध्ये वरचा मजला, समोर बस, शनिवारी ताईकडे जेवण. आणि कुणाचं काय बिघडणार होतं? जमीन शेकडो वर्षं तडकतेय, अजूनही तडकेल, आज मुळ्यांनी बघितलं नाही तर उद्या दुसरा कुणी बघेल.

तिने फावडं उचललं आणि कडेचा बर्फ ओढून अंगणावर पसरला. भराभर, नीट, सगळीकडे सारखा. तिला तेही नीटच करायची सवय होती.

श्रीरंग आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फाचे मणी होते. "काही नाही," तो म्हणाला, न विचारताच. आणि तिनेही काही नाही म्हणायच्या ऐवजी त्याच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुलेखाकडे हळदीकुंकू होतं. सूर्य मकर राशीत जातो म्हणून हा सण, आणि इथे सूर्याचाच पत्ता नव्हता, पण ताईने पार्सलने तीळ पाठवले होते आणि बायका आधीच बोलावलेल्या होत्या. पहिल्या वर्षी तिने पाच सवाष्णी मोजायचा प्रयत्न केला होता. शाळेतल्या मास्तरीणबाईंचा घटस्फोट झालेला, पोस्टातली बाई लग्न न करता एकाबरोबर राहत होती, एडनाचा नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. मोजणी तिथेच थांबली आणि सुलेखाने सगळ्यांना कुंकू लावून टाकलं. मिरजेला कळवलं नाही, एवढंच.

बायका तिळगूळ खात गालिच्यावर बसल्या. एडनाने कपाळावरचं कुंकू चकचकीत स्टीलच्या बशीत बघितलं, समाधान झालं, आणि मग म्हणाली, "काल तुझ्याकडे जमीन फुटली ना? माझे कप वाजले."

"किटली असेल," सुलेखा म्हणाली.

एडना तिच्याकडे बघत राहिली. "माझ्या घरापर्यंत ऐकू येणारी किटली. कुठे घेतलीस?"

बाकीच्या हसल्या. सुलेखा बशा उचलायला उठली. एडना तिच्या मागोमाग ओट्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आज झाडलंही नाहीस. तुझा नवरा काय शोधतोय ते अख्ख्या गावाला माहीत आहे. पोरं त्याची नक्कल करतात. तू सांगणार, की मी सांगू?"

"मी सांगते."

"कधी?"

"तुझ्याकडे गावातल्या सगळ्या नवऱ्यांचा हिशेब असतो का?"

"सगळ्यांचा नाही," एडना म्हणाली. "मेलेल्यांचा सोडून दिलाय." आणि आणखी दोन लाडू रुमालात बांधून ती गेली.

त्या संध्याकाळी श्रीरंग घरी आला तो वेगळाच. बूट काढून बसला, तिळगूळ तोंडात टाकला, आणि म्हणाला, "मी ठरवलं. मार्चपर्यंत ताणायचं नाही. उद्याच प्रोफेसरांना फोन करतो की बंद करा."

सुलेखा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"असं बघू नकोस," तो हसून म्हणाला. "तुला हवं तेच होतंय. मी येताना विचार करत होतो, त्या वरच्या मजल्यावर पूर्वेची खिडकी आहे ना? तुला सकाळचं ऊन मिळेल. बसचा पासही काढून टाकू लगेच. तीन वर्षं काढलीस तू इथे. मी काही आंधळा नाही."

तो मनापासून बोलत होता, आणि तेच तिला सोसेना. तो चिडला असता, धुसफुसला असता, नशिबाला बोल लावत बसला असता, तर ती सुखाने गप्प राहिली असती. पण हा माणूस हरून आला होता आणि तिच्यासाठी खिडकीची दिशा आठवत होता. तिला ती खिडकी दिसली. पूर्वेचं ऊन, चहाचा कप, समोर श्रीरंग, रस्त्यांच्या खात्यात जायला निघालेला. आणि दोघांच्या मधे, टेबलाखाली, ही बोटभर भेग. तिला एकटीला ठाऊक असलेली. दर हिवाळ्यात तिथेच उघडणार, दर वर्षी तिच्यात थोडं पाणी जाणार. पार्किंगमधल्या गोष्टीवर निदान भांडता तरी यायचं. हिच्यावर कोण कुणाशी भांडणार?

तिने पोळी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली आणि गॅस बंद केला.

"अहो, पार्का घाला."

"आत्ता? जेवण –"

"जेवण कुठे जात नाही. टॉर्च घ्या. आणि ते फावडं."

बाहेर आल्यावर तिने बर्फ बाजूला ओढायला सुरुवात केली. तो टॉर्च धरून उभा. दोन फावडी बर्फ निघाला, तिसरं निघालं, आणि रेघ दिसली. श्रीरंग आधी वाकला, मग गुडघ्यांवर बसला, मग सरळ पोटावर पालथा झाला आणि गाल जमिनीला लावून आत बघायला लागला. उणे पंचविसात.  मग त्याचा आवाज आला, लहान मुलासारखा. "खोल आहे गं. बरीच खोल."

"माझ्या उंचीपेक्षा जास्त. सुई सोडून बघितली मी."

"सुई?" त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, अंगणाकडे, कडेच्या गुडघाभर बर्फाकडे. "तू झाडत होतीस. रोज. म्हणजे इथे उघडी, आणि तिथे झाकलेली. शेजारी-शेजारी. अगं सुलेखा, अशी जागा मी मागितली असती तरी कुणी दिली नसती." मग त्याला आठवलं. "कधी फुटली? आवाज आला का? आज?"

आता बघा, इथे तिला सुटायची वाट होती. आज म्हणाली असती तर विषय संपला असता. पण कालची थंडी आणि आजची थंडी एक नव्हती. आज पारा चांगला वर चढला होता. आज म्हटलं तर नवरा ती चुकीची थंडी घेऊन जगभर सांगत फिरला असता, की इतक्याने जमीन तडकते.

"काल," ती म्हणाली. "दुपारी."

"काल? काल किती वाजता?"

"चहाला आधण आलं होतं तेव्हा. रेडिओवरच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या."

तो उठून बसला. टॉर्च त्याच्या मांडीवर आडवा पडला होता आणि उजेड भलतीकडेच जात होता. "आणि वर हा बर्फ?"

"मी टाकला."

"का?"

"का, ते तुम्हाला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. तो उठला, कपडे झटकले आणि आत गेला. दोघं जेवली. पोळ्या गार झाल्या होत्या. सकाळी त्याने प्रोफेसरांना फोन केला, पण काय बोलला ते तिने ऐकलं नाही, ती मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिली. त्यानंतर घरात बोलणं चाललं ते मीठ दे आणि दार लावून घे एवढंच. ती झाडायला गेली नाही. एडनाने खिडकीतून सगळं बघितलं आणि, तिच्या इतिहासात प्रथमच, कुणाला काही सांगितलं नाही.

सूर्य परत आला त्या दिवशी, म्हणजे क्षितिजावर एक लाल कड येऊन गेली त्या दिवशी, श्रीरंग दुपारीच घरी आला. हातात तारेचं रीळ होतं, खांद्यावर उपकरणांची पेटी. तो आत आला नाही. पायऱ्यांशीच उभा राहिला आणि त्याने दारावर टकटक केली. स्वतःच्या घराच्या.

सुलेखाने दार उघडलं. "किल्ली हरवली का?"

"नाही." त्याला बोलायला जड जात होतं. "प्रोफेसर म्हणतात, हे अंगण धरून पुढचं काम करता येईल. उघडी जमीन आणि झाकलेली जमीन. मी त्यांना सांगितलं, कळवतो. हो म्हटलेलं नाही."

"मग?"

"मग तुला विचारतोय. तारा इथे पुरायच्या का? तू नाही म्हणालीस तर मार्चमध्ये ॲन आर्बर, आणि मी परत हा विषय काढणार नाही. पार्किंगमध्ये विचारायचं राहिलं होतं."

"तुम्हाला राग आलाय ना अजून?"

"आलाय. तो वेगळा. हे वेगळं."

ती उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. नाकाचं टोक लाल झालेलं, मिशीत बर्फ, खांद्यावरच्या पेटीने एका बाजूला कललेला. घरातली ऊब दारातून भराभर बाहेर जात होती आणि ती दार लोटत नव्हती. ज्या प्रश्नाची तिने तीन वर्षं वाट बघितली होती, तो आला होता, आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तयार ठेवायचं राहूनच गेलं.

"मला विचार करायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"किती?"

"ते मी कसं सांगू? आत या आधी. थंडी घरात शिरतेय."

तिने आठवडा लावला. ताईला फोन करून सांगितलं की येत नाही, निदान यंदा नाही. पलीकडून ताई काय बोलली ते उपग्रहाने अर्धंच पोचवलं, आणि तेही बरंच झालं म्हणायचं. त्यानंतरच तिने नवऱ्याला हो सांगितलं, आणि तेसुद्धा एका हिवाळ्यापुरतं.

एकाचे चार झाले. पण लोक म्हणतात तसं ती तिथे अडकून पडली वगैरे काही नाही. दर ऑगस्टला, बर्फ पडायच्या आत, श्रीरंग येऊन विचारायचा, यंदा राहायचं का. त्याला उत्तर ठाऊक असायचं, तिलाही असायचं. तरी ती डबे पुसत, पोळ्या लाटत, त्याला चांगलं आठवडाभर टांगून ठेवायची. त्या आठवड्यात म्हणे तो सगळ्यांत जास्त भांडी घासायचा.